कुणी ओठ दिले

४ फेब्रुवारी

दादा,

तू पाठवलेला मजकूर पोहोचला. ‘शूर सैनिक आणि कुटुंबवत्सल पिता.’ बाप गेला तेव्हा तुला रजा मिळाली नाही, पण त्याच्या पाटीवर काय कोरायचं हे सुचायला सवड मिळाली, हेही थोडकं नाही. पाटी माजी सैनिकांच्या सभागृहात लागणार आहे, दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, जिथे आजवर ओल्या छत्र्या टांगत होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी शोकसभा आहे. दगड तासून तयार आहे आणि कोरणारा अक्षरांची वाट बघतोय.

तुझ्या शब्दांना मी हरकत घेणार नाही. शूर होते की नाही ते त्यांच्या तोफेला ठाऊक. कुटुंबवत्सल होते, याला मी साक्षीदार आहे. दिवसभर छापखान्याच्या मोठ्या यंत्रापाशी उभे राहून यायचे, शाईचे हात रॉकेलने धुवायचे आणि लगेच आपल्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करायला बसायचे. तुझी कॉलर मनासारखी बसली नाही तर पुन्हा पाणी शिंपडून पहिल्यापासून सुरुवात. माझ्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की दिवसभर माझ्या भुवया आश्चर्याने वर गेल्यासारख्या दिसायच्या. आई म्हणायची, “अहो, पोरीचे केस आहेत ते. तोफ नाही ओढायची त्यांनी.”

अर्थात आवाज न काढता म्हणायची. ज्या माणसाचे दोन्ही कान तोफेने नेले त्याच्यासमोर घसा फोडण्यात अर्थ नाही, ओठ नीट हलवले की पुरे, हे तिला फार लवकर उमगलं होतं. मग आपलं घरच तसं बोलायला लागलं. शेजाऱ्यांना वाटायचं, या नवराबायकोचा अबोला आहे. खरं भांडण जुंपायचं तेव्हाही तसंच: दोघं समोरासमोर, ओठ रागाने हलताहेत, आणि घरात आवाज फक्त स्टोव्हचा. आई अजून तशीच बोलते. मघाशी स्वयंपाकघरातून ती माझ्याशी काही बोलत होती आणि मी पाठ करून बसले होते. वळले तेव्हा तिचं अर्धं बोलून झालं होतं.

त्या गप्प घरात मी एकटी भोंगा. नाव बाबांनीच ठेवलेलं. छापखान्यातले वाया गेलेले छापील कागद ते माझ्यासाठी घेऊन यायचे. सुरुवात नसलेली प्रवासवर्णनं, शेवट नसलेल्या कादंबऱ्या, मधलेच चार तर्क असलेले तत्त्वज्ञानाचे ग्रंथ. मी ते मोठ्याने वाचायचे आणि बाबा माझ्या पाठीवर पंजा ठेवून बसायचे. आवाज बरगड्यांतून त्यांच्या हाताला लागायचा. “इथे पडलीस,” म्हणायचे. “वाक्याच्या शेवटी दम सोडतेस.” लोक मला विचारतात, वक्तृत्व कुठे शिकलात? मी सांगते, एका बहिऱ्या माणसाकडे. लोक हसतात. त्यांना वाटतं, सभेची सुरुवात विनोदाने केली.

आता शोकसभेत मी काय बोलणार ते ऐक. तू येणार नाहीसच.

मी सांगणार की बाबांच्या तुकडीतल्या माणसांनी तारुण्य तोफेशेजारी काढलं आणि कान तिथेच सोडून आले. कान गेले ते तोफेमुळे, एवढं एकच वाक्य त्यांना सरकारच्या तोंडून हवं होतं. त्या वाक्यावर उपचार अवलंबून होते, कानयंत्रं अवलंबून होती. सरकारचं वैद्यकीय मंडळ म्हणालं, सगळ्यांना कशाला तपासायचं, एकाला तपासू, त्याचं जे होईल ते सगळ्यांचं. तुकडीने बाबांना निवडलं, कारण सगळ्यांत ठार बहिरे तेच. मला आत घेतलं नाही. तू आत होतास, डॉक्टरांच्या सूचना त्यांना समजावून द्यायला. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. निकाल आला: श्रवणशक्ती समाधानकारक.

ज्या माणसाला शेजारी आदळलेली कढई ऐकू येत नव्हती, त्याची श्रवणशक्ती समाधानकारक. त्या दिवसापासून प्रत्येक व्यासपीठावर मी हे सांगत आले आहे की मंडळाने कागद खोटा केला. बाबांनी माझी एकही सभा चुकवली नाही. पहिल्या रांगेत, मधोमध, पाठ ताठ, नजर माझ्या ओठांवर. हे त्यांचं कुटुंबवात्सल्य मी लोकांना सांगणार आहे, आणि मग मंडळाचं नाव घेणार आहे. शेवटचं आणि सगळ्यांत मोठ्याने.

दणका काकांनी बाबांना निरोप देताना सगळ्यांना हसवलं. तोफेत गोळा भरणारे ते, साठी उलटली तरी अंग तसंच आहे. सांगत होते, सैन्यात दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. डॉक्टर मागे उभा राहून शब्द कुजबुजायचा आणि तो म्हणून दाखवायचा. मग ज्याचे कान अजून धड आहेत असा एकजण काहीतरी निमित्त काढून समोर उभा राहायचा आणि तोच शब्द नुसत्या ओठांनी म्हणायचा. याला तुकडीत ‘ओठ देणं’ म्हणत. “तुझ्या बापाला मी किती वर्षं ओठ दिले,” काका ओरडून सांगत होते. बहिरी माणसं ओरडूनच बोलतात. “बहिरा ठरला असता तर घरी पाठवला असता. मग तोफेचा नेम कुणी धरायचा? मी?”

सगळे हसले. मीही हसले.

तुझी,
भोंगा

११ फेब्रुवारी

दादा,

काल तुझा फोन आला आणि मी तो मध्येच ठेवला. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. कागदावर तुला गप्प बसावं लागतं, म्हणून लिहिते आहे.

तू म्हणालास, “ते भाषण करू नकोस. मंडळ खोटं बोललं नव्हतं. त्यांनी शब्द बरोबर सांगितले. ओठ मी दिले.”

मी एका दमात चार ग्रंथांचे दाखले देणारी बाई, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर “म्हणजे?”

मग तू ते तुकड्या तुकड्यांनी सांगितलंस. ती खोली: एक खिडकी, वजनकाटा, भिंतीवर घशाचं चित्र. बाबा स्टुलावर, डॉक्टर त्यांच्या पाठीशी शब्दांचा कागद घेऊन. आणि तू समोर, सूचना सांगण्यासाठी. डॉक्टर कुजबुजला, ‘खिडकी’. तुझे ओठ म्हणाले, खिडकी. बाबा म्हणाले, खिडकी. एकामागून एक सगळे शब्द. डॉक्टरने तुझे ओठ पाहिले नसतील? पाहिले असतील, दादा. तो तुझ्याकडे तोंड करून उभा होता. पण दिसलेलं सांगणं त्याच्या सोयीचं नव्हतं. निकाल आयता हातात येत असताना कोण कशाला खोकेल?

आणि हे कशासाठी, तर त्याच महिन्यात तुझी अधिकारी म्हणून निवड झाली होती आणि घरची चौकशी व्हायची बाकी होती. निवडीच्या कचेरीतला कुणी कारकून तुला चहा पिता पिता म्हणाला की वडील बहिरे ठरले तर जुन्या तपासण्या खोट्या ठरतील, आणि लबाडीने नोकरीत राहिलेल्याच्या मुलाला आम्ही घेत नाही. हा नियम कुठे लिहिलाय? मी काल रात्रभर शोधला नाही, कारण शोधायची गरजच नाही. असा नियम नाही. एका कारकुनाच्या तोंडची वाफ होती ती. त्या वाफेवर तुम्ही दोघांनी आख्खी तुकडी शिजवलीत.

तुकडीतले शिंपीकाका आठवतात? तुला पहिला कोट त्यांनीच शिवून दिला. रस्ता ओलांडताना मागून आलेला ट्रक त्यांना ऐकू आला नाही. निकालानंतर वर्षाच्या आतली गोष्ट. कानयंत्र असतं तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही. मी सभांतून मात्र तसंच म्हटलं. त्यांचं नाव घेऊन मी मंडळाला खुनी म्हटलं, आणि समोर पहिल्या रांगेत बाबा बसले होते.

तुझ्या फोनवरच्या दोन वाक्यांवर मी अडून बसले आहे. आधी तू म्हणालास, “मी ओठ दिले.” मग मी चढ्या आवाजात बोलायला लागले तेव्हा म्हणालास, “त्यांनीच मागितले.” यातलं आधी काय घडलं? त्यांनी मागितले म्हणून तू दिलेस, की तू द्यायला लागलास आणि तुला उघडं पाडायला नको म्हणून ते म्हणत गेले? पहिलं असेल तर माझा बाप दगाबाज. दुसरं असेल तर तू. मला कळलंच पाहिजे, कारण मला त्या सभेत उभं राहायचं आहे, आणि मी आता मंडळाचं नाव घेऊ शकत नाही.

‘कुटुंबवत्सल’ शब्द तू कुठून आणलास? कुठल्या तोंडाने?

भोंगा

२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. फोनही नाही. तोफखान्यात अधिकारी झालास, माघार घ्यायलाही शिकवत असतील.

आईला सांगितलं. सांगणार नव्हते. ती शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, “तो लहान होता.”

“चोवीस वर्षांचा घोडा होता, आई.”

“मग घोडाच. लगाम धरायला बाप बसला होता ना समोर.”

“म्हणजे तू दोष बाबांना देतेस?”

“मी शेंगा सोलते आहे.”

जरा वेळाने ती आवाज काढून बोलली. घरात तिचा आवाज मी इतका क्वचित ऐकते की दचकले. “तो मेला ना, तो काही बोलू शकत नाही. हा जिवंत आहे, हा बोलत नाही. आणि तू एकटी बोलतेस. तुमचं घर म्हणजे एक नमुनाच आहे.” तुमचं, म्हणाली. जशी काही ती इथे भाड्याने राहते.

मी तिला विचारलं, सभेत काय करू? मजकूर वाचून खाली बसू? ‘शूर सैनिक, कुटुंबवत्सल पिता’, दोन मिनिटं शांतता, चहा? त्या लोकांचे कान गेले, न्याय गेला, आणि वर मी अकरा वर्षं त्यांना खोटा शत्रू दाखवत राहिले. ते माझ्या मागून मोर्चात चालले, दादा. उन्हात, गुडघे दुखत असताना. आता उरलेसुरले पहिल्या दोन रांगांत मावतील इतकेच आहेत. त्यांना खरं न सांगता मरू देऊ? की खरं सांगून बाबांना त्यांच्याच पाटीखाली पुन्हा एकदा मारू, आणि मागे तुझ्या खात्याचे साहेब बसलेले असणार, त्यांच्यासमोर तुझा गणवेश उतरवू? मला उतरवावासा वाटतो, हे लपवत नाही.

आई म्हणाली, “ज्यांचं गेलं त्यांना सांग. ज्यांचं काही गेलं नाही त्यांना कशाला सांगतेस? सगळ्या गावाला ऐकवल्याशिवाय तुला खरं वाटत नाही का?”

तत्त्व म्हणून मला हे मान्य नाही. अन्याय चार भिंतींत मिटवायचा, ही मिटवणाऱ्यांची जुनी सोय आहे. मी आयुष्यभर याविरुद्ध बोलले. पण तिने विचारलं ते तत्त्वाबद्दल नव्हतं.

पाटीचा मजकूर मी थांबवून ठेवला आहे. कोरणारा रोज निरोप पाठवतो. तुझी खोली झाडली. आईने सांगितलं म्हणून. तू येशील असं मला वाटत नाही आणि यावंस अशी माझी इच्छाही नाही. गाडी सकाळी साडेसातला पोहोचते, हे आपलं माहितीसाठी.

भोंगा

११ मार्च

दादा,

साडेसातच्या गाडीतून दोन भाजीवाले आणि एक मुलगी उतरली. मी स्टेशनवर दुसऱ्या कामाला गेले होते.

सभेचं सांगते. ते तुला दुसरीकडून कळणार नाही. का, तेही कळेल.

सभागृह भरलं होतं. पहिल्या दोन रांगांत तुकडी. नेहमीप्रमाणे पुढे, बोलणाऱ्याचे ओठ दिसावेत म्हणून. मधोमध बाबांची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती. मागे तुझ्या खात्याचे साहेब, छापखान्याचे मालक, पेपरवाले. अध्यक्षांनी प्रास्ताविकात बाबांना ‘रणवाघ’ म्हटलं. बाबांना मांजराची भीती वाटायची, पण असो. मग माझं नाव पुकारलं.

मी उभी राहिले आणि माईकचं बटण बंद केलं. मग नुसत्या ओठांनी बोलले. घरात बोलायचो तसं. इतकी वर्षं भाषणं करणारी बाई, आणि आवाज काढायचा नाही यासाठी मला टेबलाची कड दोन्ही हातांनी धरावी लागली.

मी सांगितलं, तुमच्या न्यायाचा कागद मंडळाने खोटा केला नव्हता. त्या खोलीत माझ्या बापाला ओठ दिले गेले. देणारा माझा भाऊ होता. नोकरी त्याची वाचली, कान तुमचे गेले. मी तुम्हाला इतकी वर्षं चुकीच्या दारावर नेलं. दार माझ्या घराचं होतं.

मागे कुजबुज सुरू झाली होती. त्यांना वाटलं, माईक बिघडला. वायरमन धावत आला, वाकून वायरी चाचपायला लागला आणि मला म्हणाला, “ताई, बोला, बोला, येतोय आवाज.” अध्यक्ष त्याच्यावर डाफरले. एक साहेब दुसऱ्याला म्हणाले, “बिचारीचा दुःखाने आवाज गेला.” पेपरात तसंच छापून आलंय. तुझा गणवेश शाबूत आहे. एक काज सैल झालेलं नाही.

पुढच्या दोन रांगांत कुणी हललं नाही. मला वाटलं, ओठ वाचता आले नाहीत. मग दणका काका उठले. तो माणूस शिंकला तरी खिडक्या वाजतात, पण तेही आवाज न काढताच बोलले.

“बस, पोरी. हे आम्हाला माहीत आहे.”

मी विचारलं, कधीपासून?

“दुसऱ्या दिवसापासून. तो एकेकाच्या दारात आला. टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, मी ओठ मागितले, पोराने दिले. शिंप्याने त्याच्या तोंडावर दार लावलं. मी लावलं नाही, मी त्याला आत घेऊन दोन कानाखाली वाजवल्या. तसेही काही उपयोगाचे नव्हते ते कान.”

“मग मला कुणी का सांगितलं नाही?”

 काका म्हणाले, “आम्ही बसून ठरवलं. तुकडीतल्या माणसाची शिक्षा तुकडी ठरवते. तो म्हणाला, पोरीला सांगतो आणि मोकळा होतो. आम्ही म्हटलं, नाही. मोकळं व्हायचं नाही. तिच्या प्रत्येक सभेला यायचं. पहिल्या रांगेत, मधोमध बसायचं. तुझ्यावर अन्याय झाला असं ती सांगेल ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं. मान खाली घालायची नाही, डोळे मिटायचे नाहीत. आम्ही दोन्ही बाजूंना बसलेले असू.”

माझा बाप अकरा वर्षं त्या शिक्षेला येत होता, दादा. आणि मी व्यासपीठावरून त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, बघा, हा माणूस. जेवढी मी रंगायचे तेवढी त्याची शिक्षा वाढायची. एकदा शिंपीकाकांवर बोलताना माझे डोळे भरून आले आणि लोक उभे राहिले. बाबाही उभे राहिले. आता आठवतं, दोन्ही दंडांना धरून त्यांना उभं केलं होतं. मला वाटलं, म्हातारपण.

मी शिक्षेचं हत्यार होते आणि मला विचारलंसुद्धा नव्हतं. हे मी काकांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, “खरं आहे. तेवढं आमचं चुकलं.” आणि खाली बसले. माफी वगैरे नाही. मलाही नको होती.

सभा संपल्यावर चहाच्या टेबलापाशी मी त्यांना पाटीचा मजकूर दाखवला आणि विचारलं, कोणता शब्द काढू? शिंपीकाकांच्या बायकोने कागद हातात घेतला, लांब धरून वाचला. तिचा आवाज साधा, नेहमीचा. “शूर राहू दे,” म्हणाली. “ही माणसं म्हणतात तोफेवर होता, तर असेल.” मग पुढच्या शब्दावर बोट ठेवलं. “आणि हा तर ठेवाच. याची किंमत माझ्या घराने दिली आहे. खोडलात तर ती कशापायी दिली?”

तेव्हा मजकूर तुझाच राहिला. एकही अक्षर बदललेलं नाही. कोरणाऱ्याला सकाळीच कागद दिला.

एक गोष्ट राहिली. निघताना दणका काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “तो म्हणाला, मी मागितले. आम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, पण कुणाला पटलं नाही. बाप होता. दुसरं काय म्हणणार? कुणी मागितले आणि कुणी न मागता दिले, हे पोराच्या तोंडून ऐकायचं राहिलंय.” मी म्हटलं, तो येत नाही, काका. लिहीत नाही, बोलत नाही. मी त्याला काय कळवू?

त्यांनी उत्तर मागे वळून रांगांकडे बघत दिलं. खुर्च्या उचलत होते. तुकडीतला एकजण काठी शोधत होता, दुसऱ्याला दोघं धरून पायऱ्या उतरवत होते.

“कळव की लवकर ये,” म्हणाले. “शिक्षा द्यायला कुणीतरी उरायला हवं.”

भोंगा